मांडीवर राहिलेली ओवी

जयवंता, मघाशी तू विचारलंस, "आबा, तुमचं आवडीचं गाणं कोनतं?" सांगतो. दिवा जरा इकडे सरकव.

कापसाला सोन्याचे दिवस आले होते. त्या साली पौषात आम्ही तेल्हाऱ्याकडून अकोल्याला कापूस घेऊन निघालो. तीन बैलबंड्या होत्या. पुढे माझी, मधे नत्थुकाकांची, शेवटी माझ्या धाकट्या भावाची, सूर्यभानची. बाजारात जो आधी पोचेल त्याचा माल आधी उचलला जाई. मला फार घाई होती.

पूर्णेच्या अलीकडे मुक्काम पडला. शेकोटीपाशी काका म्हणाले, ज्याने त्याने आपले आवडीचे गाणे म्हणायचे, आणि ते का आवडते तेही सांगायचे. त्यांनी स्वतः मोटेवरचे एक म्हटले. लग्नाआधी काकू ते ऐकायला विहिरीवर थांबत.

"पाणी कमी भरे, मलेच जास्त पाहे," म्हणून ते एकटेच हसले.

सूर्यभानला एकच गाणे येत होते. मायची दळतानाची ओवी, तीही अर्धी.

दोन माझे राघू, निघाले वनाले,
मोठा चाले पुढे, घाई त्याच्या मनाले.

"अन् पुढं?" काकांनी विचारले.

"पुढचं दादाले माहीत असंन."

मलाही माहीत नव्हते. माय पहाटे दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोके ठेवून पडायचो. दुसऱ्या ओळीला मला झोप लागायची. मी नऊ वर्षांचा असताना ती तापाने गेली, आणि उरलेली ओवी तिच्याबरोबर गेली.

"एवढा कसा रे झोपाळू तू!" काका म्हणाले.

उजाडताना नदीत उतरलो. धुके असे की माझ्याच बैलांची शिंगे मला दिसत नव्हती. अशा वेळी आमची एक रीत होती. शेवटच्याने गात राहायचे. गाणे येते आहे तोवर मागे सारे ठीक, पुढच्याने थांबायचे नाही. गाणे तुटले की बैल आवरायचे.

सूर्यभानने ओवी धरली. त्याच दोन ओळी, पुन्हा पुन्हा. चाकाखाली वाळू करकरत होती, पाणी खळखळत होते. मी निर्धास्त होतो. मनाने तर अकोल्याला पोचलोसुद्धा होतो.

अर्धे पात्र ओलांडल्यावर ध्यानात आले, आवाज मागून येत नव्हता. अगदी माझ्या चाकाजवळून येत होता. आणि त्या ओल्या गारठ्यात ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास सुटला होता.

मी कासरा घट्ट धरला. दुसरी ओळ संपली. मग जराशी थांबून, सावकाश...

पंख धाकट्याचे वल्ले, उडता येईना त्याले,
वळून पाह्य राघू, माय सांगे तुले...

मी बैल थांबवले.

"काहून थांबला रे?" धुक्यातून काका ओरडले. "गानं तं येऊन राह्यलं!"

मी उडी टाकली आणि मागे पळालो. काकांच्या बंडीमागे कोणीच नव्हते. उताराच्या खालच्या अंगाला, गाळात, सूर्यभानची बंडी कलंडली होती. बैल जोत तोडून बाजूला उभे होते. कापसाचा भिजलेला बोजा त्याच्या छातीवर पडला होता, आणि पाणी हनुवटीपर्यंत आले होते. ओठात चिखल.

काका आणि मी, दोघांनी मिळून बोजा उलटा केला. सूर्यभान खोकला, ओकला, मग रडला. मीही रडलो. इतके हलके मला पुन्हा कधी वाटले नाही.

"दादा," दम आल्यावर तो म्हणाला, "तुले उरलेली ओवी कवा आठवली?"

"मी नाही म्हटली. तूच म्हणत होता ना?"

"मी? बंडी कलंडली तवापासून मले श्वास घेता येत नव्हता... मी तं नुसता आयकून राह्यलो होतो."

काका हळूच म्हणाले, "मले तं गान्यासंगं जातं फिरल्यावानी आवाजबी येत होता. म्हटलं, चाकच असंन..."

अकोल्याला आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो. मला त्याचे काही वाटले नाही. ऐक, तुझा तो धाकटा आबा ओसरीवर कसा घोरतो आहे. त्याचे घोरणे ऐकले की मला झोप लागते.

पण एक गोष्ट मी त्यालाही सांगितली नाही. बाहेर काढला तेव्हा त्याच्या चिखलाने माखलेल्या कपाळावर पांढरी पाच बोटे उमटलेली होती. काका म्हणाले, रुई चिकटली असंन. मी अंगठ्याने पुसून पाहिले. पीठ होते.

पौषातली पहाट, पूर्णेचे पाणी, त्याचे अंग बर्फासारखे गार. आणि ते पीठ जात्यातून आत्ता पडल्यासारखे कोमट होते.