चरबी लावलेली कॉइल

चहा ओता आधी. आणि ते दार नीट लावा, वारा आत येतोय. हां, आता सांगतो.

हे माझ्या बाबतीत नाही झालं, कुबातच्या बाबतीत झालं. कुबात माझ्याच दुकानात वायरलेस दुरुस्त करायला शिकला, त्यामुळे मला तरी तो थापा मारणार नाही. गेल्या डिसेंबरची पंचवीस तारीख. हिवाळ्याचे चाळीस कडक दिवस सुरू होतात, ती रात्र. नारीन शहराहून वर, खिंडीतल्या चौकीवर त्याला बोलावलं होतं. काम साधं होतं. सेटचं ट्यूनिंग सरकलं होतं आणि रस्त्यावरच्या गाड्यांशी बोलणं बंद पडलं होतं. तिथे मोबाइलला रेंज नाही, हे तुम्हाला काय सांगायचं.

घाई होती ती कुबातच्या धाकट्या भावासाठी. एर्मेक बुलडोझर घेऊन वर बर्फ सारत होता. संध्याकाळी कचेरीतून चौकीच्या फोनवर निरोप आला, वरच्या उतारावरचा बर्फ सुटायच्या बेतात आहे, माणूस मागे घ्या. मागे घ्या म्हणे! त्याला सांगायचं कशाने, शिट्टी वाजवून?

कुबातने सेटचं झाकण काढलं आणि तोंड फिरवलं.

"तिलेक, यात मेंढरू मेलंय का रे?"

तिलेक म्हणजे तिथला चौकीदार, कुबातला मोठ्या भावासारखं ‘बाइके’ म्हणणारा. तो म्हणाला, "मेंढरू नाही, बाइके. ओरोझाली मेला होता."

"यात?"

"यात कशाला, समोर बसल्या बसल्या. हात तेवढा आत होता. हिवाळाभर वाट बंद होती हो. आम्ही वर पोचलो तोवर वसंतातलं ऊन पडायला लागलं होतं..."

"आणि सेट?"

"पुसून घेतला की. फडक्याने."

हा ओरोझाली जुना वायरलेसवाला. कामात पक्का, पण इतका गलिच्छ माणूस मी दुसरा पाहिला नाही. जिभेखाली कायम ती हिरवी नासवाय तंबाखू, आणि थुंकी पडेल तिथे. सेटच्या आतल्या पत्र्यावरसुद्धा तिचे वाळलेले हिरवे थर होते. शी!

कॉइलच्या आत एक काळा स्क्रू असतो. तो फिरवला की फ्रिक्वेन्सी सरकते. एकदा जागेवर बसला की हलू नये म्हणून वर मेणाचा थेंब टाकतात. मेण संपलं म्हणून या महाशयांनी मेंढीच्या शेपटाची चरबी टाकली. आपल्याकडच्या लोकांचा हा लाडका उद्योग. थंडीत चरबी दगडासारखी होते, चालून जातं. पण तिलेकला वाजत होती थंडी, त्याने शेगडी ओढून सेटजवळ आणली. चरबी वितळली, स्क्रू सुटला. त्या पिवळ्या राड्यात केस होते. आणि नखाचा एक तुकडा. माणसाचं नख.

कुबातने नाकाला रुमाल बांधून कॉइल तेवढी स्पिरिटने धुतली. पण स्क्रूचे आटे गेलेले. बसवला की घसरे, बसवला की घसरे. तेवढ्यात त्याची बोटं कॉइलजवळ गेली आणि सेट बोलला.

"चौकी! झोपलात काय रे? तिलेक, निदान ढेकर तरी दे!"

एर्मेक! कुबातने हात मागे घेतला, आवाज गेला. पुढे नेला, आला. कॉइलजवळ हात गेला की फ्रिक्वेन्सी सरकते. आम्ही एरवी त्यालाच शिव्या घालतो. त्या रात्री तेवढाच आधार होता. त्याने उजवा हात मनगटापर्यंत त्या घाणीत घातला आणि डाव्या हातात माइक घेतला.

"एर्मेक, वरचा बर्फ सुटतोय. बोगद्यात घूस."

"बाइके, तुम्ही? वहिनीने हाकललं वाटतं!"

"थट्टा नंतर कर. घूस म्हणतोय ना."

"मला माझं नाक दिसत नाहीये, बोगदा कुठून दिसणार?"

"डावीकडे कडा आहे. पात्याने तो घासत ये. हळूहळू. आणि बोलत राहा."

एर्मेक बोलत राहिला. कुबात त्याला वळणामागून वळण सांगत राहिला. हात भरून आला. मग थरथरायला लागला. आवाज तुटू लागला...

"बाइके... वर काहीतरी... गडगडतंय..."

हात आणखी हलला. आवाज गेला.

आणि मग सेटच्या आतून, मागच्या अंधारातून, त्याच्या हातावर काहीतरी येऊन बसलं.

गार. बुळबुळीत. उकडलेल्या मांसावरच्या कातडीसारखं मऊ. सावकाश एकेक बोट त्याच्या बोटांत शिरलं. एका बोटाला नख नव्हतं.

नासवायची घाण आली. अगदी कानाशी.

हात स्थिर झाला.

"...ऐकू येतंय का, बाइके?"

हात ओढून घेता आला असता. पण एर्मेक अजून बाहेर होता. कुबातला उलटी झाली, स्वतःच्याच छातीवर. हात हलवला नाही.

"येतंय... बोल."

"कडा संपला."

"उजवीकडे... वळ."

मग काहीच नाही... काहीच नाही...

"आलो! आत आलो, बाइके! मागे सगळा डोंगर खाली आला!"

कुबातने हात उपसून काढला. आत बॅटरी मारली. कॉइल, पत्रा, तारा. बाकी काही नाही.

सकाळी वाट मोकळी झाली तसा एर्मेक धावत आला. आपल्या रीतीप्रमाणे त्याने भावाचा हात दोन्ही हातांत धरला. आणि एकदम सोडला. आपले तळवे पाहिले, पँटला पुसले, पुन्हा पुसले.

"बाइके, हात धुवा हो..."

"धुतलाय," कुबात म्हणाला. राखेने, साबणाने, रॉकेलने, सगळ्याने धुतला होता.

पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. म्हणाला, "उस्ताद, एवढं मोजून द्या." मी टेबलावर एक कॉइल लावली, मीटर जोडला. त्याने डावा हात जवळ आणला. काटा सरकला, सरकतो तेवढाच. मग हातमोजा काढून उजवा आणला.

काटा सरकला... आणि सरकतच राहिला.

"उस्ताद, किती?"

पोरांनो, माझं आयुष्य या कामात गेलं. एका हाताने काटा किती सरकतो ते मी झोपेतही सांगेन.

"उस्ताद... किती?"

दोन हातांइतका.