गालाची जागा

त्या शुक्रवारी मी शेजारच्या जोहराकडे कढीपत्ता मागायला गेले. कढीपत्ता काय, निमित्तच म्हणा. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ. आठवडाभर पलीकडून पॉलिश पेपरची खरखर यायची आणि मला काही चैन पडेना.

बाहेर धुळीचं वादळ. भरदुपारी हॉलमध्ये सगळं तांबूस, अंधुक. तिचा नवरा, जमालभाई, जमिनीवर बसून एक जुनाट रायफल घासत होते. ती कफीलच्या, म्हणजे त्यांच्या कंपनीच्या मालकाच्या, आजोबांची. नळी कधीच बुजवलेली. भिंतीवर शोभेल अशी करून देतो म्हणून जमालभाईंनीच हौसेने मागून आणलेली. वर्षानुवर्षं गाल टेकून लाकडी दस्त्याला चांगला खळगा पडला होता.

"हे तो खळगा लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने भरतात, ताई," जोहरा स्वयंपाकघरात कुजबुजली, "आणि सकाळी लांबी खाली पडलेली असते."

"स्वस्तातली आणली असेल तुझ्या नवऱ्याने!"

ती हसली नाही. "त्याला गाल लावून बघितल्यापासून त्यांचा डावा डोळा उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, डोळा चांगला आहे. रविवारी कंपनीची मेडिकल... नापास झाले तर नोकरी गेली."

मी डोकावले. जमालभाईंचा डोळा घट्ट मिटलेला, नेम धरताना मिटतात तसा. खोलीत ओल्या लोकरीचा, शिळ्या घामाचा वास.

"भाई, परत देऊन टाका ती."

"थोडंच राहिलंय, वहिनी... थोडंच..."

मला राहवेना. जोहराच्या मोबाइलवरून मीच कफीलला बोलावून घेतलं.

रायफल तयार झाली समजून तो आला खुशीत. रायफल त्याच्या हातात गेली आणि जमालभाईंचा डोळा हळूहळू उघडला, पाण्याने डबडबला. जोहरा तर रडायलाच लागली.

"सुटलात बाई एकदाचे! चहा टाक," मी म्हटलं.

तोवर कफीलने गंमत म्हणून दस्त्याला गाल लावला, खिडकीतून बाहेरच्या मोकळ्या मैदानावर नेम धरला. डावा डोळा मिटला. मग कफील जागचा हलेचना.

"सामने... कौन आदमी?"

मी काचेला नाक लावून पाहिलं. धूळ. चिटपाखरू नाही.

जमालभाई भिंतीला टेकले. "किधर तक आया, साहब?" मग आमच्याकडे न बघताच पुटपुटले, "मला दिसायचा तेव्हा... पार मैदानाच्या टोकाला, त्या पाण्याच्या टाकीपाशी उभा असायचा."

एरवी परक्या बाईकडे मान वर करून न बघणारा कफील... गाल दस्त्यावरून न उचलता त्याने हात लांबवला आणि मनगट धरून मला खिडकीपासून मागे ओढलं.