लाभार्थी

"आधी शॉवर, मग टोपी, मग पाणी!" मी तलावातूनच ओरडले. "आणि बूट बाहेर!"

तो दारात उभा होता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि चेहरा असा, की कुणीतरी मागून ढकलून पाठवलंय. पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना मी पोहायला शिकवते, सरकारी योजनेतून. म्हटलं, आलं आणखी एक घाबरट!

"मी... म्हणजे... ते मूल्यमापन—"

"ते नंतर. उतरा आधी."

बिचारा उतरला. तलावाची ढगळ चड्डी घालून, कठडा घट्ट धरून तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अहो, मी योजना तपासायला आलोय."

अगं बाई! मी त्याला तसंच हाताला धरून पायऱ्यांकडे नेलं.

नवा कायदा झाला होता. सरकारी पैशावर चालणारी प्रत्येक योजना ठरावीक काळाने तपासायची. लोकांना उपयोग होत नसेल तर बंद. कायद्याशी माझं भांडण नव्हतं हो. पण आमच्यासाठी निकष काय, तर किती जण न थांबता तलाव पार करतात! माझी सख्खी आत्या अर्ध्यात थांबून गप्पा मारते. बाकीचेही तसलेच. आणि हा वर्ग तर माझा जीव की प्राण.

तो रोज संध्याकाळी येऊ लागला. उंच खिडक्यांतून तिरपं ऊन पाण्यात उतरायचं आणि छतावर सोनेरी रेघा हलत राहायच्या. तो काठावर बसून बघायचा. सगळ्यांना बघायचा... आणि मग माझ्याकडे.

"नुसतं बघून काय कळणार?" एकदा मी म्हटलं.

"मग?"

"पाठीवर झोपा. मी धरते."

तो झोपला. माझा तळहात त्याच्या पाठीखाली. डोळे गच्च मिटलेले, पापण्यांवर पाण्याचे थेंब. इतक्या जवळून मी कुणाच्या पापण्या कधी बघितल्या नव्हत्या.

"हात काढू नका हं," तो पुटपुटला.

"कधीच काढलाय."

त्याने डोळे उघडले. तो तरंगत होता. "सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर बुडाला असतात."

तो हसला, नाकात पाणी गेलं, ठसका लागला आणि त्याने माझाच खांदा धरला. सोडायला मात्र जरा उशीरच केला. "जावईबापू, सांभाळून!" पलीकडून आत्या ओरडली. मी लाजेने सरळ पाण्याखाली गेले. खाली सगळं निळं आणि शांत होतं, आणि माझंच काळीज मला ऐकू येत होतं.

अहवालाचे दिवस जवळ आले, तसा एकदा तो काठावरच थांबला. "मी हे काम सोडलं. उद्यापासून दुसऱ्या मॅडम येतील."

"ऐन वेळी हात वर केलेत?" मी चिडले. डोळ्यांत पाणीच आलं. "वर्ग बंद पडला तर?"

"तपासणारा लाभार्थी असता कामा नये, असं कायद्यात आहे," तो म्हणाला. "आणि मी तरंगायला शिकलोय. शिवाय..."

"शिवाय काय?"

तो बूट घालून चालू लागला. रात्रभर त्या 'शिवाय'ने मला झोपू दिलं नाही.

नव्या मॅडम आल्या. करड्या आवाजाच्या, चष्मेवाल्या. त्यांनी सगळ्यांना पाण्यात रांगेत उभं करून विचारलं, "काय फायदा झाला?" एकाचे गुडघे मोकळे झाले होते. आत्या म्हणाली, "हे गेल्यापासून मी घराबाहेर पडत नव्हते. आता पडते."

मॅडमनी हातातल्या कागदावरची एक ओळ खोडली. "निकषच चुकलाय," त्या म्हणाल्या. "तसं लिहीन. आणि वर्ग चालू ठेवा, असंही लिहीन."

माझा जीव भांड्यात पडला. रांगेच्या टोकाला तो उभा होता.

"तुमचा काय फायदा?"

"भीती गेली," तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे... पाण्याची गेली. हिला विचारायची अजून आहे. मला ही आवडते, मॅडम. खूप. पण हिच्या मनात काय आहे ते—"

"ते मी कसं तपासू?" मॅडम म्हणाल्या. "विचारा की तिलाच!"

त्याने विचारायला तोंड उघडलं. मी थांबलेच नाही.

"हो!" मी म्हणाले. आणि बंद छताखालचा तो तलाव... माझा 'हो' भिंतीभिंतींवरून पुन्हा पुन्हा घुमत राहिला.