अंगठ्याची शाई

लोकांचे पूर्वज शोधून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. दप्तरखान्यात पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. जुन्या कागदाला शाईचा डाग पडू नये म्हणून कारकून दारातच प्रत्येकाचे हात बघतो.

बाबांच्या पंचाहत्तरीला आपल्याच घराची वंशावळ भेट द्यावी म्हटलं, तर दिव्याखाली अंधार निघाला. माझे पणजोबा साहेबाच्या सरकारचे खबरे होते. त्यांच्या साक्षीवर आमचेच तिघे भाऊबंद फासावर गेले. साक्षीखाली पणजोबांचा अंगठा होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. गिऱ्हाइकाचा पूर्वज अडचणीचा निघाला, की त्याच आडनावाचा दुसरा बरा माणूस तिथे बसवायचा. त्याला आम्ही कलम करणं म्हणतो. मी पणजोबांच्या जागी फासावर गेलेल्या तिघांतल्या थोरल्याचं कलम केलं.

बाबा वंशावळ घेऊन अख्ख्या गल्लीत फिरले. "उगाच नाही मी कुणापुढे वाकलो. रक्तच तसलं," ते सगळ्यांना सांगत होते. मी खाली बघत कपबशा विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांचा अंगठा काळा झाला होता. माझाही. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, डाग हलेना.

दप्तरखान्याच्या दारात कारकुनानं माझा हात धरला.

"ताई, तुम्हीसुद्धा? शाई घेऊन आत?"

"नाहीये हो माझ्याकडे शाई."

त्यानं कापसानं पुसून पाहिलं. कापूस काळा झाला, अंगठा तसाच. मग माझ्याकडे न बघता त्यानं हातमोजे पुढे केले.

मी साक्षीचा कागद मागवला. पणजोबांच्या ठशाखाली कोरी जागा होती, हे मी शपथेवर सांगेन. आता तिथे आणखी दोन ठसे होते. एक थरथरलेला, म्हाताऱ्या माणसाचा. दुसऱ्यावर आडवी चीर होती. तशीच चीर माझ्या अंगठ्यावर लहानपणापासून आहे.

आज बाबांना खरं सांगायचंच, असं ठरवून घरी आले. ते माझ्या लेकीकडून वंशावळ पाठ करून घेत होते.

"तुझे खापरपणजोबा कोण?"

तिनं न अडखळता नाव सांगितलं. चुकीचं. बाबांचे डोळे भरून आले.

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

लेक अंगठा फ्रॉकला घासत माझ्याकडे आली.

"मी कशाला हातसुद्धा लावला नाही गं, आई."