‘टिटवी’वरची हाक

सकाळी नऊच्या सुमारास जेटीवरून फोन आला.

“मॅडम, ‘टिटवी’ परत आलीय.”

“इतक्यात? ती तर मार्चमध्ये यायची होती ना?”

“आलीय खरी.” पलीकडचा रखवालदार घुटमळला. “पण तिघं गेले होते, मॅडम. दोघंच आलेत.”

कस्टम्स इन्स्पेक्टर उषा निमकर यांनी फोन ठेवला आणि कपाटातून एक फाइल काढली. नोव्हेंबर शहाण्णव. ‘टिटवी’, शिडाची होडी, लांबी चौतीस फूट. मालक कॅप्टन सुरेश महाबळ, व्यापारी जहाजावरून निवृत्त. सोबत धर्मेंद्र बोरसे आणि ललित सोनवणे, दोघे राहणार उधना. सुरतेहून मस्कत, सलाला आणि पुढे मोंबासा. शेवटच्या रकान्यात उषाच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘हत्यारे: नाहीत.’ खाली तिची सही.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. याच टेबलापाशी कॅप्टन आणि धर्मेंद्र वाद घालत बसले होते.

“मॅडम, तुम्हीच सांगा,” कॅप्टन म्हणाले होते. “आफ्रिकेच्या किनाऱ्याला चाच्यांचा सुळसुळाट आहे. परवान्याचं रिव्हॉल्व्हर बरोबर घ्यावं की नाही?”

“घेतलंत तर प्रत्येक बंदरात दाखवावं लागेल. तिथले लोक ते सील करून ठेवतील, निघताना परत देतील. लपवलंत आणि सापडलं, तर परदेशातला तुरुंग. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

धर्मेंद्र हसला होता. “मी म्हणतो, घेऊच नका. चाच्यांकडे आपल्यापेक्षा मोठ्या बंदुका असतात, त्यांच्यापुढे आपलं खेळणं काय कामाचं? आणि हत्यार उशाला असलं, की समोरून येणारा प्रत्येक जण चोर दिसायला लागतो.”

“बरं बाबा,” कॅप्टन म्हणाले होते. “ते बंदुकांच्या दुकानात जमा केलंय, तिथंच राहील.”

उषाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. होडीच्या तळच्या फळ्या उचलून पाहिल्या नाहीत.

हजिऱ्याच्या अलीकडे तापीच्या मुखाशी ती जेटी होती. ओहोटी लागली होती. ‘टिटवी’ चिखलात टेकून हळूहळू एका अंगावर कलत होती. भर दिवसा तिच्या खोलीत कंदील जळत होता. ललित वरच्या फळ्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. पंचविशीतला पोरगा, पण डोळे खोल गेले होते.

“खाली चल, कागद करायचेत,” उषा म्हणाली.

“मी नाही येत खाली, मॅडम. बावीस दिवस झाले, मी इथंच झोपतो.”

खाली कॅप्टन चहा गाळत होते. त्यांनी कप भरले. एक, दोन, तीन, चार. चौथा भरून झाल्यावर त्यांचा हात थांबला. होडीवर तर तिघंच होती. त्यांनी तो कप कोपऱ्यातल्या रिकाम्या बिछान्याजवळ नेऊन ठेवला. बिछान्यावरची चादर ताणून, नीट खोचून ठेवलेली होती.

“सवय जात नाही,” ते पुटपुटले.

“काय झालं, कॅप्टन?”

“चाचे. मस्कत सोडून चौथा दिवस होता. मसिरा बेटाच्या खाली वारा पडला. ऊन उतरायला लागलं होतं. एक लाकडी होडी जवळ आली. चार-पाच माणसं, हातात लांब नळीच्या रायफली. त्यांनी गोळीबार केला, धर्मेंद्रला लागली. तेवढ्यात वारा आला म्हणून आम्ही निसटलो.”

“मग सलालाला का नाही गेलात? मागचा वारा होता. तीन दिवसांत पोचला असतात.”

“मला घरी यायचं होतं.”

“वाऱ्याच्या विरुद्ध? बावीस दिवस? प्रेत घेऊन?”

“दुसऱ्या दिवशी त्याला समुद्रात सोडलं.” कॅप्टननी तोंड फिरवलं. “आणखी काही विचारू नका.”

होडी आणखी कलली. वर काहीतरी घरंगळलं, आणि त्यापाठोपाठ एक बारीकसा आवाज आला. खुळ्ळ... खुळ्ळ.

उषा वर आली. पाण्याचे सहा निळे कॅन ललितने भरून आणण्यासाठी नुकतेच दोरातून सोडवले होते. त्यातला एक फळ्यांवरून कडेला घरंगळत आला होता. तिने तो उचलला. रिकामा होता, पण आत काहीतरी वाजत होतं. वरच्या अंगाला, मुठीखाली चार बोटांवर, राखाडी लुकणाचा एक ठिपका होता.

“हे कुणी बुजवलं?”

“मी. त्या दिवशी हा इथं आडवा पडला होता, भोकातून पाणी गळत होतं. पाणी म्हणजे जीव, मॅडम. उभा केला, बुजवला, आणि बाकीच्यांबरोबर बांधून टाकला.”

“कॅप्टनना माहीत आहे?”

“त्यांनी त्या दिवसापासून या बाजूला पाहिलंच नाही.”

उषाने तो कॅन ताब्यात घेतला आणि फौजदार चावडांना फोन लावला.

दुपारी ती उधन्याला धर्मेंद्रच्या घरी गेली. त्याची बायको रंजना दाराशीच बसली होती. बातमी पोचली होती. घरात बायका जमल्या होत्या, आणि रंजना मात्र कोरड्या डोळ्यांनी रस्त्याकडे पाहत होती.

“उषाताई, ते भित्रे नव्हते,” ती एकदम म्हणाली. “पण भांडखोरही नव्हते. चार वर्षं मस्कतला नोकरी केली. तिथल्या कोळ्यांबरोबर मासे धरायला जायचे, त्यांच्यासारखं घडाघडा बोलायचे. तिथली माणसं त्यांना कशी मारतील?”

उषाने हे वहीत टिपून घेतलं आणि ती उठली.

दोन गल्ल्या सोडून ललितचं घर होतं. तो जेटीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची आई सुंदरा उषाला बघून उठली.

“काय व्हयनं तठे, ताई? सकायपासून पडेल शे. डोळा लागना का माय माय करस. मी उशाले बशेल ऱ्हास, तरी माय माय करस.”

उषा खाटेशी बसली. “ललित, आईला का हाक मारतोस?”

“मी नाही मारत.” तो भिंतीकडे पाहूनच बोलला. “ते मारत होते.”

“कोण?”

“त्या होडीतले. ‘माय! माय!’ सगळे एकदम. अजून कानात वाजतं.”

“गोळ्या सुटण्याआधी की नंतर?”

तो वळला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. “आधी. बराच वेळ आधी.”

“तू कुठं होतास?”

“खाली, इंजिनापाशी. वारा पडला म्हणून कॅप्टन म्हणाले, इंजिन सुरू कर. ते सुरू होत नव्हतं, म्हणून तर सगळं स्पष्ट ऐकू आलं.”

“आणि त्यांचं इंजिन?”

“त्यांचंही बंद. मी मेकॅनिक आहे, मॅडम, मला कळतं. जवळ येताना नुसती वल्ह्यांची चुबुकचुबुक होती.”

“धर्मेंद्र काय करत होता?”

“दादा त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या भाषेत. दरडावत असेल. मग तीन बार झाले. मी वर आलो तर दादा पालथा पडलेला. पाठीत इवलंसं भोक.” त्याने डोळे मिटले. “त्यांची होडी मागे मागे जात होती. आणि तिच्यातून तीच हाक. आता रडल्यासारखी.”

“त्यांच्या हातात रायफली होत्या?”

“मला दिसल्या नाहीत. कॅप्टन म्हणाले, खाली टाकल्या असतील.”

परतताना उषा पुन्हा जेटीवर गेली. तिथं कच्छकडचं एक वहाण, म्हणजे लाकडी मालजहाज, लागलं होतं. त्याचा म्हातारा तांडेल कासमभाई चाळीस वर्षं अरबस्तानाच्या फेऱ्या करत आला होता. उषाने त्याला एकच प्रश्न विचारला. त्याने एका वाक्यात उत्तर दिलं आणि तिचा चेहरा पाहून म्हणाला, “शुं थयुं, बेन? बेसो, बेसो.”

ती दोरांच्या वेटोळ्यावर बसली. समोर चिखलात ‘टिटवी’ कलंडून पडली होती, आणि आतला कंदील अजून जळत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी उषाच्या ऑफिसात पाच खुर्च्या मांडल्या होत्या. कॅप्टन महाबळ, ललित, त्याला एकटं सोडायला तयार नसलेली सुंदरा, रंजना आणि फौजदार चावडा. टेबलावर तो निळा कॅन होता.

“कॅप्टन,” उषाने सुरुवात केली, “तुमचं रिव्हॉल्व्हर कुठं आहे?”

“सांगितलं होतं ना, दुकानात जमा आहे.”

“जमा केलं होतंत. चावडासाहेब काल त्या दुकानात जाऊन आले. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही ते सही करून परत नेलंत.”

उषाने फाइलचं पान उलटलं.

“मग घरी असेल. पण घरी नाही, तुमच्या मुलाने सगळी कपाटं उघडून दाखवली. म्हणजे ते होडीवर होतं. मला ‘नाही’ म्हणून सांगितलंत आणि मस्कतलाही लपवलंत.”

“बरं, होतं!” कॅप्टनचा आवाज चढला. “चाच्यांवर झाडलं! स्वतःचा जीव वाचवणं गुन्हा आहे?”

“चाचे वल्हं मारत येतात?” उषाने शांतपणे विचारलं. “ज्यांचं इंजिन बंद पडलंय ते शिडाच्या होडीचा पाठलाग करतात? ललितने त्यांचं इंजिन ऐकलं नाही. त्याने हाका ऐकल्या. ललित, ते काय ओरडत होते?”

“माय,” ललित म्हणाला. सुंदराने त्याचा हात धरला.

“आपल्याला वाटलं, ते आईला हाक मारतायत. मीही तेच समजले. पण ओमानचा कोळी मरताना आपल्या बोलीत आईला कशाला बोलावेल? आणि तेही गोळी सुटायच्या आधी? मी कासमभाईंना विचारलं. ते म्हणाले, ‘त्यां माय एटले पाणी, बेन.’”

ललितने झटकन मान वर केली.

“ते पाणी मागत होते. इंजिन बिघडून किती दिवस भरकटत होते, कुणास ठाऊक. कॅप्टनना ते कळलं नाही, ललितलाही नाही. होडीवर एकाच माणसाला ती भाषा येत होती. धर्मेंद्र त्यांना दरडावत नव्हता. ‘थांबा, देतो’ म्हणत असेल. त्याने हा कॅन उचलला, छातीशी धरला आणि कडेला गेला.”

“हे सगळं तुमच्या मनातलं आहे,” कॅप्टन म्हणाले. “गोळी त्यांचीच होती. धर्मेंद्र आत यायला वळला होता, म्हणून पाठीत लागली.”

“त्यांच्याकडे लांब नळीच्या रायफली होत्या ना?”

“होत्या.”

“एवढ्या जवळून रायफलची गोळी माणसातून गेली, तर या प्लास्टिकच्याही आरपार जायला हवी होती. या कॅनला एकच भोक आहे. आत शिरल्याचं. बाहेर पडल्याचं नाही.”

तिने कॅनचं झाकण फिरवलं आणि तो उलटा केला. टेबलावर शिशाचा एक चेपटा तुकडा पडला.

चावडांनी तो चिमटीत धरून उजेडात फिरवला. “आ तो बत्रीस बोरनी छे, कॅप्टनसाहेब. रिव्हॉल्व्हरनी. तुमच्या परवान्यावर लिहिलेली.”

कॅप्टन महाबळ त्या तुकड्याकडे बघत राहिले.

“मी त्यांच्या डोक्यावरून झाडणार होतो,” अखेर ते म्हणाले. “नुसतं भेडसावायला. ते होडीची कड धरायला हात पुढे करत होते. काळे, फाटलेले ओठ, लाल डोळे... मला वाटलं, हे आता चढणार. धर्मेंद्र वाकलेला होता. मी तिसरी गोळी झाडली आणि तो कॅन घेऊन उभा राहिला.” त्यांनी चेहरा ओंजळीत घेतला. “पडताना माझ्याकडे वळून बघितलं त्याने. रागानं नाही. काय केलंस, एवढंच. रोज चहाच्या वेळेला तसाच बघतो.”

“आणि रिव्हॉल्व्हर?”

“त्याच क्षणी पाण्यात फेकलं. सलालाला गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं. ती होडी शोधली असती. तिच्यातली माणसं बोलली असती.”

“शोधली असती,” उषा म्हणाली, “तर कदाचित वाचलीही असती.”

चावडांनी जबाब लिहायला घेतला. उषाने आपला एक कागद त्याला जोडला. मालकाच्या शब्दावर विसंबून तिने झडती घेतली नव्हती, हे तिने स्वतःच्या वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. दुसरा कागद मस्कतच्या बंदर अधिकाऱ्यांसाठी होता: अमुक तारखेला, मसिरा बेटाच्या खाली, इंजिन बंद पडलेली एक लाकडी होडी, चार-पाच माणसं. पुढे ‘तपास व्हावा’ असं लिहून तिने दिवस मोजले. त्या दिवसाला महिना उलटत आला होता.

रंजना उठून कॅप्टनसमोर येऊन उभी राहिली. ती हात उगारेल असं वाटून चावडा अर्धवट उठले.

“भाऊजी,” ती म्हणाली, “एकच विचारते. त्या लोकांना पाणी मिळालं का?”

कॅप्टननी टेबलावरच्या निळ्या कॅनकडे पाहिलं.

उत्तर ललितने दिलं.

“नाही, वहिनी. ते आम्ही प्यालो.”