वर पाठवू का?

आमच्या रणात, म्हणजे या खाऱ्या वाळवंटात, मिठाचा हंगाम सुरू असताना 'ढग' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. अवकाळी पावसाची एक सर आली तरी अख्ख्या हंगामाचं मीठ विरघळून जातं, म्हणून. त्यामुळे रणशाळेच्या रंजनबेन टॅबलेटातले फोटो 'क्लाउड'वर ठेवायला शिकवत होत्या आणि त्याचा अर्थ सांगायला लागल्या, तेव्हा माझ्या बाने, म्हणजे आईने, घाईने कानांवर हात ठेवले. बेन ओशाळल्या. मग नुसतं 'वर' म्हणा, असं त्यांनीच सुचवलं. तेव्हापासून आमच्या झोपडीत तोच शब्द रुळला. वर पाठव. वर आहे. वरून खाली घे.

हा शब्द आपण आणखी कुणासाठी वापरतो, ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

टॅबलेट शाळेने दिलेला, आणि त्यात जागा अगदी थोडी. तो सतत भरल्याची तक्रार करायचा. बा त्याची थट्टा करायची, "दाणा खात नाही आणि पोट भरलं म्हणतो. अगदी तुझ्या काकासारखा." तो भरला होता माझ्या बापूंमुळे, वडिलांमुळे. मीठ सारायचं दाताळं ओढताना, बिडी पेटवताना, मला "बोल की गं, मुकी" म्हणून चिडवताना मी त्यांचे पुष्कळ व्हिडिओ काढले होते. गेल्या हंगामात बापू वारले. आता दहावीचे धडे मावायला हवेत, तर बापूंना वर पाठवणं भाग होतं.

बेननी मला दोनदा बजावलं होतं. 'जागा मोकळी करा' दाबलं तर इथलं जातं, वरचं राहतं. पण 'पुसा' दाबलंस, तर इथूनही जाईल आणि वरूनही. मग कुणी आणून देणार नाही.

आमच्याकडे रेंज फक्त बेटावर येते. बेट म्हणजे सपाट रणातला एक उंचवटा. दुपारी बा झोपडीत आडवी झाली की मी टॅबलेट तापू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून तिथे जायची. त्या वेळी रणात आवाज नसतो. चहूकडे पांढरं पसरलेलं, आणि लांब मृगजळाचं पाणी थरथरत असतं. त्या दुपारी मी बापूंना वर पाठवलं आणि धडे उतरवून घेतले.

काही दिवसांनी आठवण आली म्हणून बेटावर बसून बापूंचा एक व्हिडिओ खाली घेतला. चेहरा स्वच्छ होता. बिडीचा धूरही दिसत होता. फक्त घोट्यांच्या खाली सगळं पुसट होतं.

आमच्या माणसांचे पाय चितेत जळत नाहीत. जन्मभर मिठात उभे राहून ते इतके कडक होतात की बाकीचं शरीर राख होतं आणि पाय उरतात. ते आम्ही मिठात वेगळे पुरतो. बापूंचेही पुरले. मूठभर मीठ मीही टाकलं होतं. म्हणून ते पुसट पाय बघून मी व्हिडिओ घाईने बंद केला. तेवढ्यात टॅबलेटच्या काचेवर प्रश्न आला: जागा भरली आहे. निवडलेलं वर पाठवू का?

निवडलेला फोटो बाचा होता. मिठाच्या वाफ्यात उभी, हसणारी. मी तो निवडला नव्हता. पण मी अशी मुलगी की कुणाला 'नाही' म्हणता येत नाही, शेजारणीने पाण्याची घागर मागितली तरीही. बोट आपोआप 'हो'वर गेलं.

संध्याकाळी बा पाय धूत बसली होती. तिच्या टाचांना मोठाल्या भेगा आहेत. रोज मीठ झोंबलं की ती बापूंच्या सात पिढ्या उद्धारते. त्या दिवशी ती नुसती पायांकडे बघत होती.

"आज झोंबलंच नाही गं," ती म्हणाली. "पाय आहेत की नाहीत, तेच कळत नाही. बरं झालं. सुटले."

वर गेलेल्या फोटोची बारीक छबी टॅबलेटात उरली होती, ती मी उघडली. बाचे पाय पुसट झाले होते. दुसऱ्या दिवशी ते पुसटपण गुडघ्यांपर्यंत चढलं, आणि बा वाफ्यात दोनदा कोसळली. तिने उठून हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही.

मी बेटाकडे पळाले. बाचा फोटो खाली घेऊ लागले, तर उत्तर आलं, जागा नाही. गणिताचे धडे काढले. जागा नाही. विज्ञान काढलं, सगळी दहावी काढली. तरी जागा नाही. आणि मग बेटाच्या पायथ्याशी, कोरड्या जमिनीवर, दाताळं ओढल्याचा आवाज आला. खर्र... खर्र... तिथे माणूस नव्हता. बिडीचा वास मात्र येत होता.

काचेवर पुन्हा तोच प्रश्न उमटला. आता बाचे सगळे फोटो निवडलेले होते.

"बापू," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी शाळेतही कधी बोलले नव्हते. "तुमचे पाय खाली राहिले, ठाऊक आहे मला. पण बाचे मिळणार नाहीत... तिला अजून उभं राहायचंय."

खर्र... आवाज उंचवटा चढू लागला.

"मुकी..." कुणीतरी अगदी कानाशी म्हणालं. "बोललीस की गं..."

ती हाक मला किती हवी होती, कसं सांगू. त्या हाकेसाठीच तर मी ते व्हिडिओ जपले होते. मी 'नाही' दाबलं. मग बापूंचे सगळे व्हिडिओ निवडले, धूर, हसू, चिडवणं, सगळे, आणि 'पुसा'वर बोट ठेवलं. इथूनही आणि वरूनही. मी बोट घट्ट दाबून धरलं.

आवाज थांबला. लांब आमच्या वाफ्यातून बाची किंकाळी आली, आणि पाठोपाठ बापूंच्या सात पिढ्या. मीठ झोंबत होतं. मी तिथेच बसून रडले आणि हसले.

त्याला आता बरेच दिवस झाले. टॅबलेट जवळजवळ रिकामा आहे. धडे मी पुन्हा उतरवून घेतले. टॅबलेटचं नेट मी बंदच ठेवते. तरी रोज दुपारी प्रश्न येतो, आणि रोज मी 'नाही' दाबते. तो विचारून थकेल, मी थकणार नाही.

आज निवडलेला फोटो माझा होता. मी बेटावर बसलेली, मांडीवर टॅबलेट, अगदी वरून काढलेला. त्यात माझे पाय नीट दिसत नव्हते. मी 'नाही' दाबलं, खाली उतरून वाफ्यात गेले, आणि काल मिठाच्या खड्याने कापलेली टाच मिठाच्या पाण्यात घट्ट रोवून उभी राहिले.

झोंबतंय. अजून झोंबतंय.