पुडीताईला न सांगितलेली गोष्ट

पुडीताईला सगळं ठाऊक असायचं. कुणाला भेंडी चालत नाही, कुणाची झोप पहाटे मोडते, कुणाचे काका कालच भांडून गेले, सगळं. पण एक प्रश्न विचारला की ती कपाळावरचा हिरवा दिवा मिचकावून म्हणायची, "ते मला सांगितलेलं नाही, चैत्राली."

पुडीताई म्हणजे औषधं वाटणारा यंत्रमानव. हे नाव तिला उपचार केंद्रातल्या रुग्णांनीच ठेवलं होतं. आता मला सांगा, एवढा महागाचा यंत्रमानव बनवायचा आणि त्याला मुद्दाम अडाणी ठेवायचं, हा कुठला शहाणपणा?

माझा प्रश्न साधा होता. निनाददादाला रोज मिळणारी कॅप्सूल खरी की खोटी?

दादा बावीस वर्षांचा. चंद्रावर माल नेणाऱ्या यानांचा वैमानिक व्हायचं म्हणून परीक्षेची तयारी करत होता. एका मित्रानं त्याला 'अभ्यासात लक्ष लागेल' म्हणून उत्तेजक (मेंदूला आणि हृदयाला धावायला लावणारी) गोळी दिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. परीक्षा राहिली बाजूलाच. दादा घरात असायचा, पण आमच्यात नसायचा. मला शिट्टी शिकवणारा, माझ्या डब्यातला चिवडा पळवणारा दादा मला हवा होता, आणि तो समोर बसलेला असूनही मिळत नव्हता. शेवटी तोच म्हणाला, "मला एकट्याला जमत नाहीये. कुठेतरी सोडून या."

म्हणून तो नाशिकजवळच्या या उपचार केंद्रात आला. तिथं 'शमन-सात' नावाच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, बारा आठवड्यांची. दादानं सगळं वाचून, समजून सही केली होती. समुपदेशन, व्यायाम, जेवण सगळ्यांना सारखंच. फक्त निम्म्यांना शमन-सात आणि निम्म्यांना प्लासिबो (दिसायला हुबेहूब तीच, पण आत औषध नसलेली कॅप्सूल). कुणाला काय, हे संगणकानं सोडत काढून ठरवलेलं, आणि ती यादी दूर दुसऱ्या शहरात कुलूपबंद.

दर रविवारी मी, आई आणि नाना भेटायला जायचो. नाना म्हणजे माझे आजोबा, निवृत्त औषधशास्त्रज्ञ. घरच्या एका माणसानं निरीक्षण-वही भरायची असा तिथला नियम होता. झोप, भूक, चिडचिड, हसणं, प्रत्येकाला पाचपैकी गुण. आई दादाशी बोलायची, वही माझ्याकडे.

"नाना, सगळ्यांनाच खरं औषध का देत नाहीत?" मी पहिल्याच रविवारी चिडून विचारलं होतं.

"कारण ते खरंच औषध आहे का, हे अजून कुणालाच माहीत नाही," नाना म्हणाले. "मेंदूत डोपामिन (छान वाटतंय, हा निरोप पोहोचवणारं रसायन) असतं. त्या गोळ्या त्याचा पूर आणतात. मग पुराची सवय लागते आणि साधा आनंद मेंदूला जाणवेनासा होतो. शमन-सात ती हाव कमी करेल असा अंदाज आहे. नुसता अंदाज."

पाचव्या रविवारी दादा आईला म्हणाला, "तोंड फार कोरडं पडतंय." मी टुणकन उडालेच! माहितीपत्रकात छापलं होतं, शमन-सातनं तोंड कोरडं पडतं. म्हणजे दादाला खरं मिळतंय! मी आनंदानं वही भरली. हसणं चार, चिडचिड एक.

नानांनी वही पाहिली. "आज हसला कधी गं? मी तर तिथेच होतो."

"हसला म्हणजे... हसणारच होता."

नाना रागावले नाहीत. "औषध खरं आहे असं तुला वाटलं आणि तुझे गुण वाढले. मोठमोठ्या डॉक्टरांचंही असंच होतं बरं का. म्हणून ही दुहेरी अनभिज्ञ चाचणी (घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही माहीत नसलेली). पुडीला माहीत असतं, तर तिच्या वागण्यातून कुणीतरी ओळखलंच असतं."

"पण मला तो परत हवाय, नाना!" मला रडूच कोसळलं.

"मलाही हवाय. पण पोकळ औषध आपल्या गुणांमुळे पास झालं, तर खरं औषध शोधायला कोण बसेल?"

मी पुडीताईकडे गेले आणि खोडरबर मागितलं.

"इथे खोडत नाहीत," ती म्हणाली. "एक आडवी रेघ मार, खालचं वाचता येऊ दे. खरं शेजारी लिही. सही, तारीख."

मी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'हसला नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. मला काही विचारलं नाही.' इतकं जड वाक्य मी तोवर कधी लिहिलं नव्हतं.

त्यानंतरचे सातही रविवार मी दिसलं तेच लिहिलं. मग यादी उघडली. केंद्राच्या डॉक्टर मुजावरांनी आम्हाला बोलावून सांगितलं. शमन-सात घेणाऱ्या दर दहांपैकी चारजण गोळ्यांपासून दूर राहिले. प्लासिबो घेणाऱ्या दहांपैकी दोन.

आणि दादा प्लासिबोच्या गटात होता.

"पण तोंड?" मी ओरडले.

"कुणाला ओळखता येऊ नये म्हणून प्लासिबोतही तोंड कोरडं पाडणारं चिमूटभर काहीतरी घातलं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

माझा पुरावा पाण्यात गेला. बारा आठवडे फुकट गेले असं वाटून मला भयंकर राग आला. डॉक्टरांना तो दिसला असावा. "चार हा आकडा दोनाशेजारी ठेवल्यावरच कळतो," त्या म्हणाल्या. "ते दोन निनादसारख्यांच्या खऱ्या नोंदींमधून आले. आता शमन-सात आधी त्यांनाच मिळेल."

दादानं पहिली खरी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली. आम्ही दोघं बाकावर बसलो.

"दहातले चारच," तो म्हणाला. "मी उरलेल्या सहांतच निघेन."

"निघालास तर दुसरं औषध शोधतील. त्याची वहीसुद्धा मीच भरेन."

तो हसला नाही. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना?"

"येईन," मी म्हणाले. बारा आठवड्यांत त्यानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.